उजवीकडून आलेला उजेड

१

ऑरेलियोला बायकोचं कौतुक करायची सवय नव्हती, आणि एर्सिलियानेही त्याची आस कधीच सोडून दिली होती. काम नीट झालं की तो काही बोलायचा नाही, बिघडलं की घर डोक्यावर घ्यायचा. म्हणजे शांतता हीच शाबासकी. मात्र शाईने आणि राखेच्या पाण्याने तिच्या हातांना भेगा पडल्या की ऑलिव्हच्या तेलाची वाटी न बोलता तिच्या कामाच्या फळीवर येऊन बसायची. वाटी कोणी ठेवली हे दोघांपैकी एकानेही कधी विचारलं नाही.

रोमच्या पारिओने वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत, तेल पाजलेल्या कागदाच्या खिडकीपाशी बसून तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा. मागच्या खोलीत छापाचं यंत्र. पत्रा निखाऱ्यांवर कोमट करायचा, शाई रेघांत भरायची, वरची चिंधीने आणि शेवटी खडू लावलेल्या तळहाताने पुसून काढायची, मग ओला कागद अंथरून दोन रुळांमधून दाबून काढायचा, हे सगळं एर्सिलियाचं. चाक फिरवायला तेवढा तो कुरकुरत उठून यायचा.

पत्र्यावर डावीकडे कोरलेलं कागदावर उजवीकडे उमटतं. त्यामुळे या धंद्यातल्या माणसांना सगळं उलटं करायची इतकी सवय लागते की सुलट काय हेच विसरायला होतं. एर्सिलियाचा बापही कोरणाराच. ती अक्षरं शिकली तीच पत्र्यावर, उलटी. देवळावरचा लेख वाचताना ती अजूनही अडखळे, पण पत्र्यावरचा मजकूर भडाभडा वाचे.

त्या उन्हाळ्यात काम होतं दरवाजांचं. मेसेर ताद्देओ नावाच्या चित्रविक्याने दगडी दरवाजांचा संच मागवला होता. कुठला महालाचा, कुठला देवळाचा, एका कागदावर एक. दूरदूरचे धनिक ते घेत आणि आपल्या गवंड्यांपुढे टाकत, असं बांधा म्हणून. चित्रात फक्त चौकट दाखवायची. दाराच्या फळ्या हा सुताराचा प्रश्न, म्हणून उघड्या जागी नुसता काळोख भरायचा, आडव्या-उभ्या बारीक रेघांची जाळी एकावर एक चढवून.

दरवाजा म्हणजे कोरणाऱ्याला मेजवानीच. डावं अंग आणि उजवं अंग सारखंच, उलटं करायची कटकट नाही. रेखाटन तसंच पत्र्यावर उतरवलं तरी कोणाला कळत नाही. फक्त सावल्या सांभाळाव्या लागतात, कारण कागदावर उजेड डावीकडून यायचा हा रिवाज.

शेवटचा दरवाजा होता शहराच्या कोटाबाहेर, नदीकाठच्या एका द्राक्षमळ्याचा. दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले, मागे घर नाही, नुसतीच चौकट उभी. ऑरेलियो माप घ्यायला स्वतः गेला होता. परत आला तो नेहमीपेक्षाही गप्प.

"मागे काय आहे?" तिने चण्याचं कालवण वाढत विचारलं.

"काही नाही. वेल आहेत."

"मग आत काळं कशाला भरताय? वेल काढा."

"दिसतं काळं," तो म्हणाला आणि पाव तोडायला लागला.

पहिला नमुना छापायच्या वेळी तिने पत्रा कोमट करून शाई भरली आणि तळहाताने पुसायला घेतला. कडेचे दगड, कमान, सगळं हाताला ऊबदार लागलं. हात मधल्या काळोखावर गेला आणि गार पडला. तळघराचं दार उघडल्यावर पायांना लागतो तसा गारवा. तिने हात उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तिथे रेघा दाट, शाई जास्त, जास्त शाई म्हणजे जास्त ओल, असा तिने हिशेब लावला. हिशेब बरोबर वाटला. पण पुसायचं काम तिने त्या दिवशी घाईघाईने उरकलं.

२

मेसेर ताद्देओ नमुने बघायला आला तेव्हा यंत्रावरचा कागद अजून ओला होता. माणूस जाडा, घामट आणि तोंडाचा फटकळ.

"ऑरेलियो, हा तू आत उभा राहून काढलास की काय?"

"म्हणजे?"

"बघ की. उजेड उजवीकडून येतोय. आळस केलास, रेखाटन तसंच्या तसं पत्र्यावर उतरवलंस, सावल्या उलटवायच्या विसरलास. बाकीच्या सगळ्या दरवाजांसमोर आपण बाहेर उभे आहोत, आणि इथे डाव्याचं उजवं झालंय, म्हणजे आतून बाहेर बघतोय. गिऱ्हाइकाला कोंडून घातलंस की रे." तो आपल्याच विनोदावर पोट धरून हसला.

ऑरेलियो हसला नाही. एर्सिलियाने कागदाकडे पाहिलं. खरंच, सावल्या डाव्या अंगाला पडल्या होत्या. तिच्या नजरेतून ते सुटलं होतं, कारण पत्रा आणि छाप यांतलं उलटसुलट ती इतक्या सहज करी की कुठलीही बाजू तिला बरोबरच वाटे. आता मात्र एक विचार तिच्या मनात घुसला आणि निघेना. आपण आत असू, तर तो काळोख घराचा नव्हे. तो बाहेरचा. आणि त्यात कोणी असलंच, तर ते आपल्या उंबऱ्यावर उभं आहे.

"उलटछाप काढून बघ," ताद्देओ जाता जाता म्हणाला. "ओल्या छापावर कोरा कागद ठेवून पुन्हा दाबलास की चित्र सुलट होतं. फिकट येईल, पण उजेड डावीकडून कसा दिसतो ते तरी कळेल. मग सावल्या नव्याने कोर."

"काळं अजून पुरेसं झालेलं नाही," ऑरेलियो म्हणाला.

"काळ्याला पुरेसं कधी होतं, बाबा?"

तो गेल्यावर ऑरेलियोने पत्रा उचलला आणि खिडकीपाशी नेला. त्या दिवसापासून त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. जाळीवर जाळी, रेघेत रेघ, आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून एक नमुना. तांब्याच्या बारीक कुरळ्या त्याच्या मांडीवर साचत आणि तो त्या झटकतही नसे.

एका दुपारी एर्सिलिया मागे कागद भिजवत होती. पुढून कोरणीचा आवाज येत होता, तांब्यावर पोलाद सरकताना येतो तो बारीक, कोरडा आवाज. ती काहीतरी विचारायला पुढे आली. ऑरेलियोचे दोन्ही हात मांडीवर होते. कोरणी बाजूला पडली होती. तो पत्र्याकडे बघत होता, आणि आवाज चालूच होता.

"ऐकू येतंय ना तुलाही?" त्याने मान न वळवता विचारलं.

"उंदीर असेल," ती म्हणाली.

"असेल."

तो जेवायला उठला तेव्हा तिने पत्रा उलटा करून पाठीमागे बोटं फिरवली. पाठ गुळगुळीत असायला हवी होती. काळोखाच्या बरोबर मागे तिच्या बोटांना बारीक खरखर लागली. ठोकून सपाट केलेलं तांबं, त्यात खोट राहिली असेल. घासाघीस करून स्वस्तात आणलेला माल असाच निघायचा. तिने पत्रा जागेवर ठेवला आणि हात परकराला पुसले, जरी हाताला काही लागलं नव्हतं.

३

शुक्रवारी दुपारी, सगळी गल्ली जेवून आडवी झालेली असताना, एर्सिलिया पुढच्या खोलीत आली आणि बाकावर ऑरेलियो नव्हता.

कोरणी खाली पडली होती. चामड्याच्या उशीवर पत्रा होता. दाराला आतून कडी होती. ती एवढी नेहमीची गोष्ट की कडीचा अर्थ तिच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. खिडकीचा कागद शाबूत होता. मागची खोली तर तिच्याच डोळ्यांसमोर होती. तरी तिने यंत्राखाली वाकून पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, आणि माणूस काय पलंगाखाली जातो का, म्हणून स्वतःलाच हसली. हसू कोरडं होतं. तिने हाक मारली. मग कडी काढून गल्लीत पाहिलं. ऊन, एक कुत्रं, बाकी कोणी नाही.

ती आत वळली तेव्हा तो बाकावर बसलेला होता.

"कुठे गेला होतात?"

"इथेच तर आहे." त्याने तिच्याकडे वर पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, बघत राहिला. "एर्सिलिया, किती उन्हात उभी राहतेस. ये, बस."

ती बाकाच्या कडेवर बसली. इतक्या वर्षांत त्याने तिला बस म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने कालवणाला चव छान आहे म्हटलं. दुसऱ्या दिवशी छाप हातात घेऊन म्हणाला, "तुझ्यासारखं पुसणारं रोममध्ये कोणी नाही." ती यंत्राच्या आडोशाला गेली आणि तिथे थोडी रडली, आनंदाने, हे लपवण्यात अर्थ नाही. कोरडी जमीन पाणी कुठून आलं ते विचारत नाही. तो डाव्या हाताने कोरत होता हे तिने पाहिलं, पण उजवा हात दुखत असेल, कोरणाऱ्यांचे हात आखडतातच. तो थोडा वेगळा दिसत होता. जास्त ओळखीचा वाटत होता म्हणा ना.

४

शेजारच्या दियानोराचं खाटकाचं दुकान होतं आणि तिचे डोळे तिच्या सुऱ्यांइतकेच धारदार होते. रविवारी देवळातून येताना तिने एर्सिलियाला बाजूला ओढलं.

"नवऱ्याला काय झालंय तुझ्या? प्रार्थनेच्या वेळी डाव्या हाताने क्रूस केला त्याने. मी पाहिलं म्हणून बरं, दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर पाद्रीबुवांनी दारात येऊन विचारलं असतं."

"हात दुखतोय त्याचा."

"आणि भुवईसुद्धा दुखते का? शिडीवरून पडला होता, तेव्हा मीच तर रक्त पुसलं. वण कुठल्या बाजूला होता गं?"

"डाव्या," एर्सिलिया म्हणाली.

"मग आता बघ जा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

ती घरी आली. तो ऑलिव्ह खात बसला होता. वण उजव्या भुवईवर होता. केसांचा भांग उजवीकडे होता. एक दात किंचित पुढे आलेला, तोही दुसऱ्या बाजूचा. हे सगळं दोन दिवस तिच्यासमोर होतं, आणि उलट्याचं सुलट करायला सोकावलेल्या तिच्या डोळ्यांनी ते मुकाट्याने फिरवून घेतलं होतं. गल्लीतल्या कुठल्याही बाईला पहिल्या घासाला कळलं असतं.

"हात द्या," ती म्हणाली.

त्याने दोन्ही पुढे केले. कोरणीची लाकडी मूठ तळहातात रुतून वर्षानुवर्षांचा घट्टा पडतो. तो डाव्या तळहातावर होता. उजवा लेकरासारखा मऊ.

दुपारी तो झोपल्यावर ती त्याच्या शेजारी आडवी झाली आणि हळूच कान त्याच्या छातीवर ठेवला, जिथे ती नेहमी ठेवायची. आत शांत होतं. श्वास होता, ऊब होती, पण ठोका नव्हता. तिने डोकं सरकवून दुसऱ्या बाजूला ठेवलं. तिथे हृदय चालू होतं, संथ, निरोगी माणसाचं असतं तसं. ती तशीच पडून राहिली. ओरडावंसं वाटत होतं आणि त्याची झोप मोडू नये असंही वाटत होतं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून कोरणीचा आवाज आला.

५

पत्र्याची पाठ आता नुसती खरखरीत नव्हती. बोटांखाली रेघा लागत होत्या, एकीला एक लागून. ऑरेलियोची एक खोड होती. रेघ संपवताना तो मनगट झटकायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक रेघेच्या टोकाला केसाएवढा आकडा राहायचा. ताद्देओ त्यावरून त्याला नेहमी टोमणे मारी. एर्सिलियाने डोळे मिटून बोट फिरवलं. प्रत्येक रेघेला तो आकडा होता. तांब्याच्या पलीकडून तिचा नवरा कोरत होता.

तिने पत्रा छातीशी धरला आणि जमिनीवर बसली. दारातून तो तिच्याकडे बघत उभा होता.

"तुम्ही कोण?"

"ऑरेलियो."

"माझा?"

"तू म्हणशील तर."

"तो कुठे आहे?"

त्याने मान खाली घातली. बोलला तेव्हा आवाज अगदी खाली आला होता. "मी होतो तिथे."

"काय आहे तिथे?"

"काय सांगू? उजेड नाही. कोणी कोणाला हाक मारत नाही." तो उंबऱ्यावर बसला, जरा दूर, तिला भीती वाटू नये म्हणून. "तू रोज पुसायचीस ना, तळहाताने. तेवढीच ऊब आत यायची. ती कुठून येते ते बघायला मी जवळ आलो. मी त्याला ढकललं नाही, एर्सिलिया. त्याने जागा पुरेशी काळी केली, एवढंच."

तिला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. पण रागाबरोबर जे आलं त्याला काय म्हणावं हे तिला कळेना. घरातल्या माणसाने तिच्याकडे तोंड करून इतकं बोलल्याची तिला आठवण नव्हती.

मग तिची नजर तेलाच्या वाटीकडे गेली. वाटी आता रिकामी होती. तो तिचं इतकं कौतुक करायचा, पण तिच्या हातांच्या भेगा त्याच्या लक्षात आल्या नव्हत्या. तिने तळहात पत्र्याच्या मधोमध ठेवला आणि गारवा हाडापर्यंत जाऊ दिला. पाठीमागचा आवाज थांबला. तिने हात उचलला नाही. आत कोणीतरी ऐकत असल्यासारखं वाटलं.

"मी उलटछाप काढणार आहे," ती म्हणाली. "म्हणजे दरवाजा फिरेल. मला तो परत हवाय."

"चाक फिरवायला कोण आहे?"

यंत्राला दोन माणसं लागतात. ती कागद सांभाळणार, चाक दुसऱ्याने ओढायचं. गल्लीतल्या कोणाला बोलावून काय सांगणार होती ती?

"मी फिरवीन," तो म्हणाला.

६

त्यांनी ते सकाळी केलं, चांगल्या उजेडात. तिने पत्रा कोमट केला, शाई भरली, पुसली. काळोखावर हात थोडा जास्त वेळ राहिला. पहिला छाप निघाला, काळाभोर, उजवीकडून उजेड असलेला. तो ओला असतानाच तिने पत्रा काढून बाजूला ठेवला, छाप यंत्राच्या फळीवर उताणा पसरला, त्यावर भिजवलेला कोरा कागद अलगद सोडला आणि वर लोकरीचं कांबळं ओढलं. कागदाला एकही सुरकुती पडली नाही. ते हातांना ठाऊक होतं.

"फिरवा."

त्याने चाकाचे दांडे धरले. फळी रुळाखाली अर्धी गेली आणि तो थांबला.

"तो आला तर मी परत तिथे जायचं ना?"

तो तक्रार करत नव्हता. पाहुण्याने निघताना वाट विचारावी तसं विचारत होता. एर्सिलियाने त्याच्याकडे पाहिलं. वण चुकीच्या बाजूला होता, बाकी सगळं तिच्या नवऱ्याचं होतं, आणि डोळ्यांत जे होतं ते तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत तिने कधी पाहिलं नव्हतं. ती 'नको' म्हणू शकत होती. छाप अर्ध्यात सोडून देता आला असता. दोन माणसांच्या घरात कोणाला काय कळलं असतं?

"फिरवा," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिचं तोंड कडू झालं.

चाक फिरलं. रूळ करकरला, फळी पलीकडे आली. तिने कांबळं उचललं, कोपरा धरून कागद सोलला आणि उजेडापुढे धरला.

उलटछाप फिकटच येते. दगड राखी झाले होते, उजेड अखेर डावीकडून येत होता, आणि दारातला काळोख पहाटेइतका विरळ झाला होता. त्यामुळे आतलं दिसत होतं. एक माणूस. तिच्या नखाहूनही लहान, पाठमोरा, दारापासून दूर चाललेला, खांदे जरा पडलेले. तिने कागद डोळ्यांजवळ नेला. भुवई दिसत नव्हती. हात पुढे होते, तेही दिसत नव्हते. पाठमोऱ्या माणसाला डावं-उजवं काय असतं? दोन्ही अंगं सारखी, दगडी चौकटीसारखीच.

तिच्या मागे चाक अजून थोडं झुलत होतं. ते थांबलं. मग पावलं यंत्राला वळसा घालून आली आणि तिच्या पाठीशी उभी राहिली. ती वळली नाही. तिला श्वास ऐकू येत होता. तो कोणाचाही असू शकला असता.

तिने डोळे मिटले आणि देवाकडे मागणं मागितलं. शब्द मनातून आपोआप आले, लहानपणापासून यायचे तसे, आणि संपल्यावर तिला कळलं की आपण कोणाला मागितलं. ज्याच्यासाठी पत्रा कोमट केला, शाई भरली, हाडं गोठेपर्यंत हात ठेवला, त्याला नाही. लाजेने तिच्या कानशिलांत आग झाली. तरी ते मागणं परत घेता येईना.

डोळे उघडले तेव्हा कागदावरचा माणूस मघापेक्षा लहान दिसत होता, किंवा शाई वाळत होती. तो अजून हाकेच्या अंतरात होता. नाव घेतलं असतं तर तो वळला असता, निदान तोंड तरी दिसलं असतं, आणि तोंड दिसल्यावर काय करायचं ते तिने ठरवलं असतं. ऑरेलियो. चारच अक्षरं. तिने ओठ उघडले. मागे उभा असलेला माणूसही श्वास रोखून वाट बघत होता.

एर्सिलियाने हाक मारली नाही.